छातीतल्या जळजळीचे निदान

ठमे,

रात्रपाळी करून नुकतीच झोपली आहेस, म्हणून उठवत नाही. दवाखान्यातून फोन आला होता. आईची गाठ साधी निघाली. आजच घरी सोडत आहेत. तिला आणायला निघालो आहे. दुधाखालचा गॅस बंद केला, दोनदा तपासला.

आठवडाभर छातीत जळजळत होते आणि मी पित्ताच्या गोळ्या घेत राहिलो. "बाबा, हे पित्त नाही, तुम्ही घाबरला आहात," असे तू म्हणालीस, तेव्हा तुझ्यावरच खेकसलो. आज फोन ठेवला आणि जळजळ थांबली. गोळी हातातच राहिली. निदान तुझेच बरोबर होते.

आता एकीकडे हसू येते आहे आणि दुसरीकडे चष्मा सारखा पुसावा लागतो आहे. आई विचारेलच, "रडलात की काय?" या वेळी हो म्हणणार आहे.

— बाबा