जन्मदाखला आणि किल्ली

अस्ताना, मंगळवार

धाकट्या क्लावाला ताईचे आशीर्वाद.

मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतेय. टोमॅटोच्या रोपांना पाणी घालतेस ना?

इथल्या अमेरिकी वकिलातीने व्हिसा नाकारला. खिडकीतल्या साहेबाने विचारलं, "तुम्हाला कायमचं अमेरिकेत नेण्यासाठी मुलीने अर्ज केलाय?" मी ठसक्यात म्हटलं, "छे! महिनाभर नातवाला बघून मी सरातोवला परतणार." इंगाचा अर्ज त्याच्या समोरच होता. एकसष्टाव्या वर्षी खोटारडी ठरले गं!

इंगाला फोन केला, तर रडत म्हणते, "आई, सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. अर्जाला लागणारा माझा जन्मदाखला क्लावामावशीनेच पाठवला."

तो दाखला माझ्या कपाटात होता. घराची किल्ली फक्त तुझ्याकडे.

निघताना रीतीप्रमाणे आपण दोघी बॅगांवर मिनिटभर गप्प बसलो. मला वाटलं, माझा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून गप्प आहेस.

फोनवर तुझ्याशी बोलवणार नाही, म्हणून हे पत्र आजच्या सरातोवच्या गाडीत डबा सांभाळणाऱ्या बाईजवळ देतेय. माझं परतीचं तिकीट सोमवारचं आहे. नातवासाठी विणलेले मोजे परत आणतेय.

रोपांना पाणी घाल आणि किल्ली शेजारच्या राइसाकडे ठेव.

आशीर्वाद वर लिहून झालेत, खोडत नाही.

तैसिया