उठताना लागणारा हात

विवेकच्या बाबांना नागपूरहून कलाबाईचा जय भीम.

मी बरी आहो. विवेक अन् सून माझं लय करून राहिले. फोनवर बोललं का घरातले सारेच ऐकतात, म्हणून लिहून राहिली.

गुडघ्यात जेलची सुई झाली. डॉक्टर म्हणते, हिचा गुण हळूहळू येते, कोणाकोणाले येतच नाही. तुमाले गोंदियात स्टेरॉइडची सुई दिली, तर तुम्ही आठवड्यात सायकलवर बसले. धानाचा रोवणा दोघांनी संगं केला, गुडघे संगंच गेले, मंग बरा तुमचाच काऊन झाला?

तुमच्या सुईचा असर लवकर उतरते, असंही डॉक्टर म्हणाला. ऐकून मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू.

दुखणारी नस गरम सुईनं सुन्न करायचाही इलाज इथं आहे. जेलनं नाही भागलं तर तो करू म्हणते. मी म्हटलं, आताच करा.

तुमची बहीण चंदा सांगत होती, पौर्णिमेले विहारात वंदना झाल्यावर तुम्ही आपले आपण उठले. अन् मंग शेजारच्या प्रेमिलाले हात देऊन उठवलं. इतकी वर्षं आपण एकमेकाचा हात धरूनच खालून उठलो.

बकरी व्याली काय? रात्री दही खाऊ नका.

विहारात खुर्च्या पडून आहेत. प्रेमिलाले एक द्या. तुमचा हात मले लागते.

तुमचीच,
कलाबाई