खडवलीला राहिलेले हँडल

मी, सुमती प्रभाकर टिपणीस, राहणार कल्याण, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. धाकटे दीर गुरुदत्त भाऊजी यांना शंका असल्यास त्यांनी आत्ताच माझ्याशी भांडून पाहावे.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक माझी मुलगी हेमा हिला. तांब्याचा बंब भाऊजींना. त्यावर त्यांचा डोळा आहेच, आता दुसरे काही मागू नये.

२. माझे यजमान कै. डॉ. प्रभाकर यांची सत्तावीस सालची मोटारही हेमाला. भाऊजी ती भंगारात घालायला निघाले होते. पोपट मिस्त्रींनी ती पुन्हा चालती केली, पण हत्यारांची पिशवी रिकामी होती. मागणाऱ्याला नाही म्हणणे यजमानांना कधी जमलेच नाही. पाना, पकड, जॅक, जो मागेल तो घेऊन जाई. बाजारात तशीच ढीगभर मिळतात, असे सगळे सांगत. मिळोत बापडी! मला त्यांच्या हातातली हवी होती.

म्हणून मी खंडेनवमी धरली. त्या दिवशी घरोघरची हत्यारे झेंडू लावून पूजेला पाटावर येतात. विधवा बाई सणाची दारोदार काय हिंडते, म्हणून भाऊजींनी नाक मुरडले. मुरडेनात का! पाना नि पकड कल्याणातच सापडली, जॅक टिटवाळ्याला. राहिले ते मोटार सुरू करायचे हँडल.

३. ते खडवलीला गोदा काळुराम भोईर हिच्या पाटावर निघाले. तिच्या शालूच्या जन्माच्या वेळी यजमान मोटारीने गेले होते. बाळबाळंतीण सुखरूप, मोटार मात्र अडून बसली. ती बैलांनी ओढून आणली, हँडल तिथेच राहिले. त्याच वर्षी यजमान गेले. तेव्हापासून गोदा दर खंडेनवमीला ते विळ्याकोयत्याशेजारी मांडते. मला म्हणाली, "ने बाय, तुजाच हाय. डाक्तरांची वस्तू, आमी निस्ती संबालली." आणि हळदीची वाटी माझ्या हातात दिली. "तू लाव पयली."

इतक्या वर्षांत सणाला मला कोणी पुढे बसवले नव्हते. मी रडले, हे इथे लिहून ठेवते. हँडल तिथेच ठेवून आले.

४. हेमाने ते परत मागू नये. मिस्त्रींनी घडवलेल्या हँडलने मोटार चालते. मात्र दर खंडेनवमीला तिने मोटार घेऊन खडवलीला जावे, सगळी हत्यारे त्या पाटावर मांडावीत, आणि पूजा झाल्यावर गोदाकडचे हँडल लावून मोटार एकदा सुरू करावी. हयगय केल्यास मोटार भाऊजींची. मग तिचे काय होईल, हे हेमा, तुला चांगलेच ठाऊक आहे.

५. वकील म्हणतात, ज्याला काही द्यायचे, तो साक्षीदार नको. गोदाला मी काहीच देत नाही. तिच्याकडे आहे ते तिचेच आहे. म्हणून तिला मुद्दाम साक्षीला बोलावले.

हे सर्व वाचून दाखवल्यावर गोदा म्हणाली, "मेल्यावरची बोलनी कशाला गं बाय? पुडल्या नवमीला तूच ये." मी "येते" म्हणाले आहे. वरील कलमे त्यानंतर लागू व्हावीत.

कल्याण, दि. ७ नोव्हेंबर १९५५

सही: सुमती प्रभाकर टिपणीस

साक्षीदार:
१. पोपट मिस्त्री, कल्याण (सही)
२. गोदा काळुराम भोईर, खडवली (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)