सात नंबरचा ठसा

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधी सांगतो, आई ठणठणीत आहे, मीही चालतोफिरतोय आणि घर जागेवर आहे. लग्नानंतर तुझ्या आईलासुद्धा मी कधी पत्र लिहिलं नाही. आता या वयात कागद-पेन घेऊन बसलोय म्हटल्यावर ती दोनदा येऊन डोकावून गेली. मुलीला चार ओळी खरडतोय म्हटलं, तर फोन काय मेलाय का, असं म्हणत स्वयंपाकघरात गेली. तिच्या तोंडाकडे बघून तरी मला तसंच वाटलं.

इकडची बातमी म्हणजे तुझा बाप भिंतीवर चढलाय. कारखान्याच्या फाटकाशेजारी दोन मजली उंच चित्र लावलंय. मी डोळे मिटून कानाला दांडी लावून उभा आहे आणि खाली माझंच वाक्य आहे, ‘यंत्राला कान असतात का?’ फोटो काढताना त्या पोराने मला चार वेळा पावडर लावली. तरी नाक आलं ते आलंच. कँटीनमधले लोक मला आता ‘हिरो’ म्हणतात आणि रांगेत पुढे सोडतात. मी हसतो. लोक हसले की आपणही हसावं, हे मला आता चांगलं जमतं.

तू तिकडे हेड ऑफिसात बसून कंपनीच्या वाढीचे आलेख काढतेस. मी ती वाढ भिंती पडताना बघितली. मी लागलो तेव्हा पत्र्याची एक शेड होती आणि दिवसाला साठ गाड्या निघायच्या. नकाशे परदेशी कंपनीचे होते आणि स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा तेही त्यांना विचारावं लागे. मग आपली छोट्या इंजिनाची दुचाकी गाडी आली, थेंबभर पेट्रोलवर गाव पालथं घालणारी. पोस्टमन, दूधवाले, नर्सबाई, मास्तर, ज्याने त्याने ती घेतली. दर दोन वर्षांनी शेडची एक भिंत पाडायची आणि पुढे नवी बांधायची. पुढे परदेशी पाहुणे नकाशांसकट उठून गेले आणि सगळे म्हणाले, आता संपलं. तेव्हा आपल्या चाळीस माणसांनी स्वतःचं इंजिन बनवलं. तू तिसरीत होतीस. पहिलं इंजिन सुरू झालं तेव्हा आमचे मोठे साहेब सगळ्यांसमोर रडले होते, आणि मी घरी येऊन ते तुला सांगितलं तर तू विचारलंस, त्यांना लागलं का? त्यानंतर कंपनीला तरण्या पोरांचा नाद लागला. नाकतोड्यासारख्या दिसणाऱ्या, सुसाट गाड्या आल्या आणि आपली जुनी गाडी कोपऱ्यातल्या एका लाइनवर राहिली. ती परत आणायची असं मीटिंगमध्ये तू एकटीने उभं राहून सांगितलंस, तेव्हा मला किती बरं वाटलं हे मी तुला कधी बोललो नाही. आता लिहितो. मला फार अभिमान वाटला, ठमे.

आमची कानखोली तू लहानपणी काचेतून बघितली आहेस. इंजिन तयार झालं की गाडीत बसवण्याआधी आमच्याकडे येतं. ते ठोकळ्यावर सुरू करायचं, लाकडी दांडीचं एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, दुसरं कानापाशी हाडावर धरायचं आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. सैल टॅपेट टकटक करतो. टायमिंग चेन ढिली असली की सळसळते. बेअरिंग बिघडायला लागलं की फार बारीक शीळ घालतं, चहा उकळण्याआधी भांडं घालतं तशी. ठीक वाटलं की आपल्या नंबरचा ठसा मारायचा. माझा सात. अकरा जणांत माझा ठसा असलेलं इंजिन कुणी परत तपासत नसे. घरीही तोच रुबाब होता. तू कॉलेजातून यायचीस, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तुझी गाडी वळली की मी आईला सांगायचो, चहा टाक, आपलं विमान उतरतंय. गल्लीत तसल्या नऊ गाड्या होत्या, पण एकदाही चहा वाया गेला नाही.

आता जरा जड भाग. गेल्या वर्षी कानखोलीत मायक्रोफोनवालं यंत्र बसवलं. आम्ही ऐकायचं आणि यंत्रानेही ऐकायचं, असं आठ महिने चाललं. शेवटी हिशेब निघाला की आम्ही पास केलेली दोनशे बारा इंजिनं यंत्र नापास म्हणतंय आणि त्यांतल्या बहुतेकांवर सात नंबरचा ठसा आहे. त्याचा अहवाल लिहायचं काम तुझ्याकडे आलं, तेव्हा तू मुद्दाम रजा काढून घरी आलीस. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलीस आणि सरळ विचारलंस, बाबा, खरं सांगा, चूक यंत्राची की तुमची? तुझा चेहरा उजेडात होता. तुझा शब्द न् शब्द मला कळला. आणि मी पाय हलवत म्हणालो, यंत्राला कान असतात का गं? तू अशी हसलीस, जसं डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं. तेच वाक्य तू अहवालावर घातलंस. पुढे तुझी सगळी योजना त्याच्यावर उभी राहिली. जिथे पन्नास-पन्नास मैलांत गॅरेज नाही, अशा देशांत ही गाडी विकायची आणि सांगायचं, प्रत्येक इंजिन आमच्या माणसाने कानाने ऐकलंय. सगळी इंजिनं ऐकायला माणसं पुरायची नाहीत, तेव्हा नव्या कारखान्यांत यंत्रं लावायची, पण ती आमच्या कानाबरहुकूम शिकवून. यंत्र फार चिकित्सक आहे, ते माझ्या कानाइतकं शहाणं करा, असं ठरलं. इंजिनिअर लोक महिनाभर माझ्या शेजारी बसले. मी ज्याला ठीक म्हणेन त्याला यंत्रानेही ठीक म्हणायला शिकायचं. ते शिकलं. हुशार आहे.

आता तुला काही जुन्या गोष्टी आठवतील. तुझा फोन आला की मी दोन वाक्यं बोलून आईकडे देतो, यावरून तू आईला विचारलंस की बाबा माझ्यावर रागावलेत का. बातम्यांचा आवाज एवढा का, म्हणून शेजारच्या बाईंनी दोनदा कडी वाजवली म्हणे. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आईने माझ्याकडून काढून घेतलं, त्यालाही दोन वर्षं झाली. ती समजते मी पेपरात बुडालेला असतो. दवाखान्यात दरवर्षी आमचे कान तपासतात. काचेच्या पेटीत बसवतात, बाहेरून बाई बटण दाबते, आवाज आला की आपण बोट वर करायचं. त्या बाईंच्या मागे औषधांचं कपाट आहे आणि त्याच्या काचेत त्यांचा हात दिसतो. हात हलला की मी बोट वर करतो. पाच वर्षं माझे कान कागदावर विशीतल्या पोरासारखे आहेत. आधी वाटलं, सर्दी असेल. मग वाटलं, या वर्षी निभावून नेऊ, पुढच्या वर्षी सांगू. पुढचं वर्ष कधी आलंच नाही. जाड आवाज मला अजून येतात आणि बाकीचं मी बोटांनी ओळखायचो, इंजिनाच्या अंगावर हात ठेवून. टॅपेट बोटांना कळतो. चेन कळते. शीळ कळत नाही.

मी स्वतःला सांगत होतो की अजून कुणाचं वाईट झालेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी तेही सांगता येईना. डीलरकडून एक इंजिन परत आलं. उघडलं तर बेअरिंग जळून निळं पडलेलं आणि बाहेर ठसा सातचा. चालवणारी शाळेतली बाई होती. चालत्या गाडीत इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि ती फेकली गेली. हात दोन जागी मोडला. तिचा उजवा हात होता, ती फळ्यावर लिहिणारी बाई आहे. एवढंच मला कळलं, पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी आमच्या सुपरवायझरकडे, भोंग्याकडे गेलो. तुला आठवत असेल, तो माझ्याच हाताखाली शिकला. एवढ्या मोठ्याने बोलतो की सगळ्या कारखान्यात आता त्याचंच तेवढं मला धड ऐकू येतं. त्याला म्हटलं, बाबा रे, मला ऐकू येत नाही, मला खोलीतून काढ आणि ती यंत्रं थांबवा. तो पोट धरून हसला. म्हणाला, दादा, भिंतीवर फोटो लागला म्हणून नजर लागायची भीती वाटते का? मी परत सांगितलं, तेव्हा त्याने दार लावलं. एक बेअरिंग खराब निघालं तर तो माल देणाऱ्याचा दोष, म्हणाला. आणि मग हात जोडून म्हणाला, योजना तुमच्या पोरीची आहे, आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेताय, आणि आमच्या दहा जणांच्या पोटावर का? मी पुढे कामगार ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांना वाटलं, म्हातारा निवृत्तीच्या तोंडावर भरपाई उकळायला आलाय. त्यांनी एक फॉर्म दिला. त्यावर दवाखान्याचा दाखला लागतो. दवाखान्यात गेलो, तर बाईंनी माझे पाच वर्षांचे कागद काढून समोर ठेवले आणि मला समजावलं, काका, एवढे छान कान तर आमच्या डॉक्टरांचेही नाहीत. पुन्हा तपासा म्हटलं, तर पुढची पाळी चार महिन्यांनी. मी कपाटाच्या काचेत बघत उभा राहिलो. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथे चोर स्वतः ओरडतोय आणि कुणी पकडायला तयार नाही.

मी ठसा मारणं थांबवलंय. दांडी धरून उभा राहतो आणि सगळं शेजारच्या नऊ नंबरकडे ढकलतो. त्याने काही होत नाही. तिकडे तीन कारखान्यांत यंत्रं माझ्याच कानांनी ऐकतायत, दिवसाला हजारो इंजिनं, एकाचीही शीळ त्यांना कळत नसणार. वीस तारखेला पहिलं जहाज सुटेल. तिकडे रस्ता डोंगरातला, गाडीवर मागे दोन माणसं, असं तूच मला कौतुकाने दाखवलं होतंस. मला रोज ते चित्र दिसतं आणि मी काहीही करू शकत नाही. फाटकातून आत जाताना स्वतःच्या फोटोखालून जातो. एवढा मोठा झालोय आणि माझं कुणी ऐकत नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू मध्येच काही विचारलं असतंस आणि मी सवयीने ‘हो हो’ म्हणालो असतो. जहाज तूच थांबवू शकतेस. त्यासाठी तुला सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल की माझा बाप खोटं बोलला आणि मी ते तपासलं नाही. कुठल्याही बापाने मुलीकडे मागू नये ते मी मागतोय. दुसरा रस्ता मला सापडला असता तर तुझ्यापर्यंत येऊ दिलं नसतं. त्या दोनशे बारा इंजिनांचे नंबर सोबतच्या कागदावर आहेत. यंत्र पहिल्यासारखं करा आणि ती जिथे गेली असतील तिथून मागवून परत त्याला ऐकवा. त्या मीटिंगला मला बोलाव, मी येईन. माझ्या पाठीमागे उभं राहून कुणालाही टाळी वाजवायला सांग, म्हणजे सगळ्यांची खात्री पटेल. आणि ठमे, तू गेल्या महिन्यात न कळवता आलीस, तेव्हा मी खिडकीशी घड्याळ दुरुस्त करत बसलो होतो. गल्लीत तुझी गाडी आल्याचं मला कळलं नाही, आईला चहा टाक म्हणालो नाही. मागे वळलो तेव्हा तू दारात बॅग घेऊन उभी होतीस आणि डोळे पुसत होतीस. काय झालं विचारलं, तर ‘काही नाही’ म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलीस. माझ्या पाठीमागे उभी राहून तू बराच वेळ काहीतरी बोलत होतीस, असं मला तेव्हापासून वाटतंय. मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते ऐकूच आलं नाही. जहाजाचं काम आधी कर. मग माझ्यावर चिडायचं ते चीड. आणि कधी मन झालं, तर त्या दिवशी दारात काय म्हणालीस ते मला लिहून पाठव.

वाट बघणारा, तुझाच,
बाबा