काळे झालेले वाळे

मुक्काम उनकेश्वर
माघ शुद्ध १०, शके १८५७

चिरंजीव सौभाग्यवती उषाबाईस आजी गोजरबाईचा पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं मी खुशाल, तिकडची खुशाली सविस्तर कळवणे.

अक्षर वाकडं दिसंल. तुझ्याच पाटीवर शिकलेलं आहे, तवा निम्मा दोष तुझा. बायामाणसांनी पत्र लिहिलेलं इथं कोणी पाह्यलं न्हाई. मी दौत घेऊन बसले की दोनचार जणी भवती उभ्या राहतात, जशी मी भाकरीच थापून राह्यले.

परतूरहून आगगाडीनं नांदेड, आन तिथून पुढं इचरजबाईच्या बैलांच्या दमणीतून आलो. बाई लई मायाळू. सोहनलाल शेठची आई, पण शेठाणीचा तोरा बिलकुल न्हाई. वाटंत माझं डोकं त्यांच्या खांद्यावर आन त्यांचं माझ्या, असं तीन दिवस. भुजंगकाका मला उतरवून माघारी निघाला तवा रडवेला झाला होता, त्याला म्हणावं, तुझी माय मजेत हाये.

आता पाण्याचं सांगते. जमिनीतून कढत पाणी आपोआप येतं, चूल न्हाई का लाकूड न्हाई. काडीपेटीची काडी ओढल्यावर येतो तसला वास. पहिल्या दिवशी बोट बुडवलं आन काढून घेतलं. इचरजबाई म्हणाल्या की नव्या जावयासारखं आहे, सुरुवातीला तापट वाटतं. सकाळी बायांची पाळी, उन्हं चढली की गड्यांची. पायरीवर बसून कमरेइतक्या पाण्यात राहायचं, बोटं सुरकुतली की बाहेर. मंग धाबळी गुंडाळून पडायचं, वारं लागू द्यायचं न्हाई. आंबट बंद. ते मात्र जड जातं, जाऊबाईनं, तुझ्या मोठ्या आजीनं, दिलेलं लोणचं मी गाठोड्यातच बांधून ठेवलं आहे, रोज वास घेते.

इथल्या गुरवानं सगळ्यांना आधीच सांगून टाकलं की झिजलेलं हाड पाण्यानं नवं होत न्हाई, आखडलेलं सुटतं आन ठणका उतरतो, एवढंच. मला तेवढं रगड झालं. उषे, आज मी पायरीवरून कोणाचा हात न धरता उठले. सहा वर्षांनी. मलाच हसू यायला लागलं. बाया बघून राह्यल्या की म्हातारीला काय झालं.

पोरी, तुला आई असती तर तुझ्या बाळंतपणाला आम्हा दोन म्हाताऱ्यांची गरज पडली नसती. ती न्हाई, तवा लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालायला आमच्यापैकीच कोणाचा तरी गुडघा धड पाहिजे. चैत्रात तू मोकळी होशील तवर मी पाटावर बसून पाय लांब करीन आन तुझं लेकरू माझ्या पायावर राहील. हाच विचार करत मी पाण्यात बसते. एवढं जाऊबाईला वाचून दाखवू नको. बाकीचं दाखव. तिचा गुडघा कसा हाये ते मात्र खरं खरं लिही.

घरच्यांनी माझ्यावरची माया निवू देऊ नये, हे मागणं.

आजी गोजरबाई

मुक्काम आष्टी
माघ वद्य ३

तीर्थरूप आजीस उषाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आलं. तू नको म्हणालीस ते सोडून बाकी मोठ्या आजीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाच म्हणाली तेव्हा मला धाप लागली होती, म्हणून राहिलं. नव्या जावयाचं ऐकून ती इतकी हसली की दादा ओसरीवरून आत आले. लोणच्याचं ऐकून म्हणाली की गोजरला जन्मभर जे नको म्हटलं तेच पाहिजे असतं.

माझं बरं चाललं आहे. पाय थोडे सुजतात. मोठी आजी मला हंडा उचलू देत नाही, खाली वाकू देत नाही, नि स्वतः मात्र वाकायला जाते. तिचा गुडघा खरं सांगायचं तर तू गेलीस त्याहून वाईट आहे. रोज रुईची पानं तापवून बांधते. सकाळी पहिलं पाऊल टाकताना भिंत धरून इतका वेळ उभी राहते की मला बघवत नाही.

परवा एक गंमत झाली, गंमत म्हणावं की नाही ते तूच ठरव. मी झोपले आहे असं समजून ती न्हाणीत गेली, पाट मांडला, त्यावर बसली आणि पाय पुढे पसरले. पायावर उशी घेतली होती. मग उठता येईना. मला हाक मारली तर मी तिला ओढायला जाईन म्हणून हाकही मारली नाही. दादा शेतातून येईपर्यंत तशीच बसून होती, उशी पायावर घेऊन. दादांनी उचललं तेव्हा म्हणाली की पाट हलतो का ते बघत होते.

जेवताना म्हणाली की मारुतीनं कौल बरोबरच दिला. गोजरची नात, गोजरचा पणतू, गोजरनंच न्हाऊ घालावं. मी आजवर आठ लेकरं पायावर घेतली, आता माझं काय राहिलं.

बाळाचे वाळे तीर्थाच्या कुंडात भिजवलेस का असं तिनं विचारलं आहे. स्वतःचे तोडे मोडून केलेले आहेत, तिला त्याची फार काळजी. कळवावे. मी तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहे, हे निराळं सांगायला नको.

तुझी लाडकी उषा

मुक्काम उनकेश्वर
फाल्गुन शुद्ध २

चिरंजीव सौभाग्यवती उषाबाईस आजीचा आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र शिवरात्रीच्या गर्दीत पोचलं. वाचून त्या दिवशी कुंडावर गेले न्हाई.

हे पत्र सगळंच्या सगळं मोठ्या आजीला वाचून दाखव. मी सांगते म्हणून दाखव. तुला वाचताना अवघड जाईल, तरी मधलं काही गाळायचं न्हाई.

आधी वाळ्यांचं. ते पुरचुंडीत बांधून कमरेला खोचले होते आन रोज पाण्यात घेऊन बसत होते, म्हणलं चांगले भिजू देत. परवा सोडून बघते तर काळेठिक्कर, तव्याच्या बुडासारखे. मी तशीच इचरजबाईकडं धावले. इचरजबाई हसल्या, म्हणाल्या की इथल्या पाण्यात चांदी काळी पडतेच, चिंच लावून घासा, लख्ख निघतील. स्वतःचं कडं दाखवलं, तेबी काळं. त्यांचं खरं आसंल. पण जाऊबाईनं तोडे मोडून केलेली वस्तू माझ्याच कमरेला काळी झाली, ती मला पाण्यानं झाली असं वाटंना.

उषे, तू त्या दिवशी मारुतीला आली नव्हतीस. इचरजबाईच्या दमणीत एकाच बाईची जागा होती, आन तुझ्यापाशीही एक बाई घरात पाहिजेच होती. कोणी जायचं ते तुझ्या बापाला, रामकिसनला, ठरवता येईना, म्हणून कौल लावला. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यानं मारुतीच्या छातीला चिकटवायच्या. उजवी माझी, डावी जाऊबाईची. ज्या बाईची पाकळी आधी पडंल ती जाईल. जाऊबाईला देवळाचा ओटा चढवंना. ती खाली हात जोडून उभी राहिली आन मला म्हणाली की दोन्ही तूच लाव.

मी लावल्या. माझी नुसती टेकवली, पाण्याचा हात लावला न लावला असा. तिची मात्र ताज्या शेंदरात अंगठ्यानं दाबली. तेलाचा शेंदूर ओला होता. ती पाकळी दुसऱ्या दिवशीबी तिथंच आसंल. माझी पडली, घंटा वाजली, तुझ्या बापानं गूळ वाटला. जाऊबाईनं मला गूळ भरवला. तो गूळ अजून घशाखाली उतरलेला न्हाई.

का केलं ते सांगते, त्यानं काही धुऊन निघत न्हाई, तरी सांगते. माझी आठ लेकरं. तुझ्या बापापासून भुजंगापर्यंत एकाचीबी न्हाणी माझ्या पायावर झाली न्हाई. सासूबाईनं जाऊबाईला सांगितलं की तुला लेकरू न्हाई, तू न्हाऊ घाल, तुझा जीव रमंल. मी बाजेवर पडून पाण्याचा आवाज ऐकायची. लेकरं मोठी झाली तरी पडली, लागलं, की तिच्याकडं पळायची. तुझी आई गेली तवा तूबी रातची तिच्याच कुशीत शिरलीस. मी म्हणलं, एक. एकतरी माझ्या पायावर राहू दे. त्याच्यासाठी मी देवापुढं आन तिच्या डोळ्यापुढं लबाडी केली. ती उशी पायावर घेऊन बसली ते तू गंमत म्हणून लिहिलंस, मला ती दिसायची थांबंना.

आन खरी लाज तर पुढंच हाये. पाणी मानवून राह्यलं. काल मी उकिडवं बसून भाकरी केली. ज्या सुखासाठी पाप केलं ते सुख मिळून राह्यलं आन मला आनंदबी होतो. सकाळी पाय हलका वाटला की आधी हसू येतं, मंग जाऊबाई भिंत धरून उभी दिसते.

जाऊबाईला म्हणावं, लेकराला तूच न्हाऊ घाल. मी न्हाणीत पाऊल ठेवणार न्हाई. उनकेश्वरला तुला पुढल्या माघात धाडायला मी रामकिसनला लावीन, माझी बुगडी मोडीन. या वर्षाचं काय करावं ते मला सुचत न्हाई.

लोभ ठेवा असं या वेळी मागवत न्हाई. ठेवावा वाटला तर ठेवा.

गोजरबाई

मुक्काम आष्टी
फाल्गुन शुद्ध १२

तीर्थरूप आजीस उषाचा नमस्कार वि. वि.

वाचून दाखवलं. सगळं. शेंदराच्या ओळीशी मी थांबले, तेव्हा मोठी आजी म्हणाली की वाच, थांबू नको. झाल्यावर तिनं रुईची पानं सोडली, दुसरी तापवली, बांधली. दोन दिवस तिनं तुझं नावही काढलं नाही. तुझा तांब्या फडताळात उपडा घालून ठेवला. दादा म्हणाले की ती रागावली तर मी आईला आणायला कोणत्या तोंडानं जाऊ.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली की दौत आण. ती सांगते आहे तसं लिहिते, माझं काही नाही यात.

म्हणाली की देवापुढं खोटं केलंस ते देव बघून घेईल, माझ्या विश्वासाला केलंस ते मी बघते. राग आला. अजून आहे. पण दोन दिवस विचार करत होते तो तुझ्या पाकळीचा नव्हता.

म्हणाली की न्हाणी झाली, शेक झाला, की लेकरू लगेच आईच्या पदराखाली द्यायचं असतं. मी देत नव्हते. गोजर दूध भरून, पदर ओला करून बाजेवर बसलेली असायची आणि मी न्हाणीच्या दारात उगंच अंग पुसत राहायचे, डोक्याला तेल जिरवत राहायचे. लेकरू माझ्याच मांडीवर झोपलं की मग नेऊन द्यायचे, म्हणायचे की आता उठवू नको. आठच्या आठ वेळा. गोजर एकदाही बोलली नाही. मला वाटलं तिला कळत नाही. तिला सगळं कळत होतं आणि मला ते चाळीस वर्षांनी कळलं.

हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग खाकरून हुकूम सोडल्यासारखी बोलली की पुढच्या माघाचं मला आत्ता सांगू नको. चैत्रात लेकरू येतंय. तू म्हणतेस न्हाणीत पाऊल ठेवणार नाही, तर मला पाटावर बसवणार कोण आणि उठवणार कोण, मारुती? तुझा गुडघा चोरीचा का होईना, चालतो आहे. तर रोज मला धरून खाली बसवायचं, माझे पाय सरळ करून द्यायचे, लेकरू पायावर ठेवायचं, पाणी तू घालायचं. झालं की लेकरू आधी उषाकडे द्यायचं, लगेच, मी रेंगाळले तर हिसकून घ्यायचं. मग मला उठवायचं. सव्वा महिना रोज. दमलीस तरी सुटका नाही.

आणि वाळे घासायचे नाहीत. काळेच आण. दृष्ट लागायची नाही.

एवढं सांगून ती उठली, भिंत धरून गेली आणि तुझा तांब्या सुलटा ठेवून आली.

दादा पौर्णिमेनंतर निघतील. तू लवकर ये. आम्ही दोघी, म्हणजे आम्ही अडीच जणं, वाट बघतो.

उषा

मुक्काम उनकेश्वर
फाल्गुन वद्य ५

चिरंजीव सौभाग्यवती उषाबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि. रामकिसन काल पोचला. त्याला आधी विचारलं की तांब्या खरंच सुलटा आहे का. तो म्हणाला की कोणता तांब्या. गड्यांना काही दिसत न्हाई.

उद्या निघतो. हे पत्र डाकेत टाकते, बहुतेक माझ्यामागून पोचंल, तरी लिहिल्याशिवाय राहवंना. काल शेवटची बुडी मारली आन चौदा पायऱ्या एका दमात चढले. हसू आलं. या वेळी इचरजबाईनं विचारलं तर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की माझीबी एक जाऊ हाये, जालन्यात, तिला कागद लिहून द्याल का. लिहून दिला. माझ्या अक्षरात कोणाचं तरी काम झालं.

जाऊबाईला वाचून दाखव. तिनं सांगितलेलं सगळं कबूल. तिनं स्वतःचं सांगितलं त्याला मात्र मी उत्तर लिहीत न्हाई. ते समोर बसून होईल, नाहीतर न्हाई होणार. मी तेव्हा का बोलले न्हाई, ते मलाच धड ठाऊक न्हाई.

कुंडाचं पाणी घासलेटच्या रिकाम्या डब्यात भरून घेतलं आहे. डबा आधी राखेनं तीनदा घासला. गुरव म्हणाला की बाई, आष्टीपर्यंत ते पाणी थंडगार होईल, नुसतं पाणी उरंल, कशाला ओझं नेता. रामकिसनबी तेच म्हणाला. मी डबा सोडला न्हाई. मांडीवर घेऊन येईन. थंड झालं तर चुलीवर ठेवू. आधी तिचा गुडघा शेकू, मंग लेकराचं बघू.

रागासकट लोभ असू द्यावा. तेवढा मला पुरंल.

आजी गोजरबाई