ओढ्याला उतरलेला रंग

ता. ४
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
तू रंगारी झालास ते आमच्या मुळावर आलं आहे! परवा पुन्हा ओढ्याला तुझा लाल रंग उतरला. दवाखान्याच्या पांढऱ्याशुभ्र चादरी धुवायला घेतलेल्या. आमचे हे आणि शेजारच्या काकू नेहमीसारखे चादरी खडकावर ओढून, रंग वाहून जाईपर्यंत पाण्यातच ताटकळत उभे. हे म्हणाले, मेहुण्याला कान धरून इथे आणायला हवं. रंगाचा हौद ओढ्यात सोडण्याआधी कळवत जा रे बाबा.

इकडे पावसाचा थेंब नाही, पण तुमच्याकडचा डोंगर काळाठिक्कर दिसतो. जपून राहा.
लोभ आहे तसा राहू दे, रंग तेवढा आवर.
तुझी ताई

ता. ६
ती. ताईस, शि. सा. न.
तुझं पत्र मिळालं. ताई, पावसामुळे आठवडाभर माझे हौद बंद आहेत. मी रंग सोडलेलाच नाही! ती डोंगराची माती आहे. इथे दरड कोसळून ओढा अडलाय, मागे पाणी तुंबतंय. आम्ही घरं सोडून वर आलो आहोत. तो अडसर फुटला तर तुमची खैर नाही. भावजींना सांग, काकूंनाही सांग. पाणी लाल दिसलं की चादरी गेल्या खड्ड्यात, आधी पळा. मला फार भीती वाटते. पत्र कापडाच्या गाडीवाल्याकडे देतो आहे.
माझ्यावर लोभ असेल तर हे वाचताक्षणी घर सोड.
तुझा धाकटा

ता. ८
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
आम्ही दोघं जिवंत आहोत. शाळेच्या वरच्या मजल्यावरून लिहिते आहे. घर, कपडे उकळायची भट्टी, ओढ्याकाठची अख्खी गल्ली वाहून गेली.

काल गाडीवाल्याने पत्र दिलं आणि मी तशीच धावत सुटले. पाणी लाल झालेलंच होतं. हे आणि काकू सवयीने चादरी खडकावर ओढून पाण्यात उभे. मी काठावरून ओरडले, की हा रंग नाही, बाहेर या. माझा चेहरा बघून हे आले. काकूंना वाटलं, मी तुझी बाजू घेते आहे. हसत म्हणाल्या, भावाला पाठीशी घालायची तुझी खोड काही जायची नाही. मी पुन्हा हाका मारल्या. तेवढ्यात वळणावरून घरांएवढं पाणी आलं.

काकू सापडल्या नाहीत. काका सारखं विचारतात, ती शेवटचं काय बोलली. मी सांगते, पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.

लोभ असू दे, आणि रस्ता सुरू झाला की ये. मला एकटीला त्यांच्यासमोर बसवत नाही.
तुझी ताई