ठरलेला पाठ

प्रिय बाबा,
लांबूनच सलाम.

मी मजेत आहे. बेकरीत मला भट्टीवरून काढून पॅकिंगला घातलंय, त्यामुळे रविवार मोकळा मिळतो. हातावरचं भाजलेलंही भरत आलंय. आईला एवढं सांगू नका.

परवा इथल्या चर्चमध्ये मला पाठ वाचायला उभं केलं. बायबलमधला आठवड्याचा पाठ सगळ्या चर्चमध्ये एकच ठरलेला असतो, पण मी आळशी, आधी उघडून बघितलाच नाही. निघाला घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राचा! परत येताना बापाला तो लांबूनच दिसतो, तिथं माझा आवाजच फुटेना. चष्मा पुसायचं सोंग केलं, तर मला चष्माच नाही!

मग वाटलं, त्याच सकाळी आपल्या चर्चमध्ये हाच पाठ घेऊन नेहमीसारखे तुम्ही वाचायला उभे असणार. नीट वाचलात ना? की नेमका तिथंच खोकला आला?

भांडून तुमच्याकडे पाठ फिरवली, त्याला दोन वर्षं झाली. आणि पाठ वाचायला मलाच उभं केलं.

सुट्टी मंजूर झाली आहे. त्या पुत्राच्या गोष्टीतला बाप धावत येतो. तुम्ही धावू नका, गुडघा दुखेल. दादाला सांगा, मेजवानी नको, म्हणजे तो गोष्टीतल्या थोरल्यासारखा रुसणार नाही. फाटकापर्यंत मीच येईन. तुम्ही तेवढी कडी काढून ठेवा.

तुमचा,
धाकटा